आबासाहेबांची माणुसकी आणि आमचे भोंगे

आमच्या घरात पलंग एकच होता आणि त्यावर ॲम्प्लिफायर झोपायचा. आम्ही माणसं खाली, सतरंजीवर. बाबांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. इंझोरीत लग्न असो, जयंती असो, सप्ताह असो की शाळेचं गॅदरिंग, भोंगे आमचेच लागायचे. पुढच्या खोलीत भिंतीभर खुंट्या आणि खुंट्यांना भोंगे, कोपऱ्यात वायरीची वेटोळी, बॅटरीच्या पाण्याचा आंबूस वास. मागच्या खोलीत चूल. पावसाळ्यात कौलातून थेंब पडायला लागले की माय आधी ॲम्प्लिफायरवर मेणकापड टाकायची आणि मग आमच्याकडे बघायची. पेट्यांवर लाल रंगात ‘शोभा साउंड सर्व्हिस’ असं लिहिलेलं होतं. शोभा म्हणजे मी. बाबांना वाटलं होतं की पोरीचं नाव लोकांच्या डोळ्यांसमोर राहील. ते राहिलं, पण शाळेत मला कोणी शोभा म्हटलं नाही. सगळे ‘भोंगा’ म्हणायचे. मास्तरसुद्धा हजेरी घेताना जरा अडखळून मगच खरं नाव उच्चारायचे.

बाबा दिवसातून एकदा सगळं सामान तपासत. माइक हातात धरून ‘हॅलो, हॅलो’ म्हणत आणि तेवढंच बोलून थांबत. तो माणूस मुळात कमी बोलणारा. लाउडस्पीकरवाला गप्प आणि त्याची पोरगी बडबडी, हा गावात विनोदाचा विषय होता. धंद्याबद्दल मात्र त्यांचं एक ठाम मत होतं. “गिऱ्हाइकानं वाढव म्हटलं का वाढवाचं, कमी म्हटलं का कमी कराचं. बटनाले सोताचं मत नसते, शोभे,” असं ते म्हणत. गावात दोन पक्षांच्या सभा एकाच आठवड्यात होत, तेव्हा हे तत्त्व फार उपयोगी पडे. सकाळी ज्या भोंग्यातून एकाला चोर म्हटलं जाई, त्याच भोंग्यातून संध्याकाळी तोच चोर दुसऱ्याला चोर म्हणे. बाबा दोन्ही वेळा स्टुलावर बसून काटा बघत राहत.

मायचा आवाज मात्र भाकर थापण्याच्या आवाजापेक्षा कधी वर गेला नाही. ती निंदणाला जायची, सोयाबीनच्या, तुरीच्या वावरात. संध्याकाळी परत आली की हातपाय धुऊन चुलीपुढे बसायची, अंबाडीची भाजी रटरटत असायची, आणि मग ती दिवसभराच्या बाया आम्हाला ऐकवायची. मुकादमीण कशी खेकसली, पाटलीणबाई वावराच्या कडेला धुऱ्यावर उभी राहून ‘हळूहळू करा गं’ म्हणत घड्याळ कशी बघत होती, एक म्हातारी निंदता निंदता सुनेच्या तक्रारी गवताला कशी सांगत होती. माय फक्त बोलायची, हात पिठातच असायचे, पण खोलीत ती बाई येऊन बसलेली असायची. बाबा हसून हसून खोकायचे. मी नक्कल करायला जायचे तर तोंड वाकडं करायचे, डोळे फिरवायचे. माय म्हणायची, “तोंड वाकडं करू नको. त्याईचं तोंड वाकडं नसते. त्याईले थे सरळच वाटते.”

हल्ली मुलाखत घ्यायला पोरं येतात. मानेला माइक चिकटवतात आणि विचारतात, ‘ताई, तुमच्या कलाप्रवासातले महत्त्वाचे टप्पे सांगा.’ टप्पे एसटीच्या भाड्याला असतात, पोरांनो. माणसाच्या आयुष्यात फक्त खड्डे असतात, आणि त्यातून गाडी नेली की मागून लोक त्याला टप्पा म्हणतात. गुरू कोण, असंही विचारतात. मी मायचं नाव सांगते. मग त्यांचा चेहरा उतरतो, कारण मायचा फोटो कुठल्याच नाट्यगृहात लावलेला नाही आणि तिच्याबद्दल कुठेही दोन ओळी सापडत नाहीत.

तरी पहिला खड्डा सांगायचा तर एका लग्नातला. आमच्याकडे तेव्हा आहेर माइकवरून पुकारायची पद्धत होती. नवरीचा मामा पुकारायला बसला होता, पण आदल्या दिवशी हळदीत ओरडून त्याचा घसा पार बसला. बाबांनी माझ्या हातात माइक दिला. मी आधी नीट पुकारलं. अमक्याकडून एक गंज-पातेलं, तमक्याकडून वाटी-चमचा. मग समोर गावचा पीठगिरणीवाला आला, आणि माझ्या तोंडून त्याचाच आवाज निघाला. गिरणीच्या पट्ट्यावरून ओरडायची सवय असलेला, प्रत्येक शब्द हाक मारल्यासारखा. मांडव हसला. पुढचा आला, त्याचा आहेर त्याच्या आवाजात. मग गंमत अशी झाली की ज्यांचा आहेर करायचा विचार नव्हता तेही घरी पळत जाऊन पेला-ताटली घेऊन रांगेत उभे राहिले, कारण आपला आवाज भोंग्यातून कसा येतो हे प्रत्येकाला ऐकायचं होतं. नवरीच्या बापानं बाबांना सांगितलं, “तुही पोट्टी एकेका लग्नात एकेक संसार उभा करन.” तो संसार बहुतेक स्टीलच्या पेल्यांचाच होता, पण मला ते फार मोठं वाटलं.

दुसरा खड्डा मानोऱ्याला कॉलेजात. गॅदरिंगला मी पुढाऱ्याची नक्कल केली. हातात हार घेऊन स्वतःच्याच गळ्यात घालणारा, शेतकऱ्यांचा विषय काढून चष्मा पुसणारा, ‘मी जास्त बोलणार नाही’ म्हणत पाणी मागवणारा. प्रमुख पाहुणे होते आबासाहेब. आमच्याच गावचे, मोठी जमीन, कारंज्यात सरकीचा धंदा, गावातल्या प्रत्येक समितीचे अध्यक्ष. मी जो पुढारी करत होते तो तेच होते. मांडवातल्या सगळ्यांना ते कळलं. पोरं खुर्च्यांवरून खाली आली, प्राचार्यांनी रुमालात तोंड घातलं. एकटे आबासाहेब पोट धरून मोकळेपणी हसत होते. कार्यक्रम संपल्यावर माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, “मस्त! असे लय पुढारी हायेत बापा आपल्याकडं.” आणि त्यांनी मला त्यांच्या कार्यक्रमांना घ्यायचं ठरवलं. त्यांच्या भाषणाआधी मी लोक जमवायचे आणि हसवायचे, म्हणजे ते बोलायला उभे राहतील तेव्हा मांडव भरलेला असेल. भोंगे आमचे, पोरगी आमची. बाबांना बरं वाटलं. त्या वर्षी आमच्या घरात बॅटरी नवी आली.

आबासाहेबांना माणुसकीची लागण झाली ती पुण्याला. मुलीकडे गेले होते, तिथं जावयानं त्यांना कुठल्याशा व्याख्यानाला नेलं. अनोळखी माणसावर प्रेम करा, असा विषय होता. आबासाहेब परत आले ते ओट्यावर बैठक बोलावूनच. मी आणि बाबा पायरीशी होतो.

“ओळखीच्या माणसावर तं कोनीबी दया करते,” ते म्हणाले. “आपल्याले अनोळखी माणूस पायजे. त्याले फूल देवाचं, फळ देवाचं, गळ्यात हार घालाचा. काही मागाचं नाही.”

ओळखीच्या माणसांवर त्यांनी कधी दया केली होती हे कोणालाच आठवेना, पण ते बोलून दाखवायची ती जागा नव्हती. खरी अडचण पुढे आली. इंझोरीत अनोळखी माणूस मिळेना. दोन दिवस त्यांची माणसं फाट्यावर उभी राहिली. एक परका दिसला म्हणून हार घेऊन धावले तर तो आबासाहेबांच्याच सालगड्याचा साळा निघाला. दुसरा बी-बियाणांच्या कंपनीचा एजंट होता. त्याला अख्खं गाव ओळखत होतं आणि हाराऐवजी वेगळंच काही घालायला टपलं होतं. शेवटी ठरलं की कारंज्याला जायचं. एसटी स्टँडासमोर मोकळी जागा आहे, तिथं अनोळखी माणसं ढिगानं मिळतात.

आज पोरं मोबाइल काठीला लावून रस्त्यावर म्हाताऱ्यांना बिस्किटाचे पुडे देतात. म्हातारी पुडा घेऊन निघाली की तिला परत बोलावतात, ‘आजी, नीट आलं नाही, पुन्हा घ्या’ म्हणतात. ते बघून माझे भाचे चिडतात, काय हा जमाना म्हणतात. आमच्या काळी दयेला मोबाइल नव्हता, पण कारंज्याचा एक फोटोवाला होता. त्याच्या कॅमेऱ्यात रोल असायचा आणि रोल संपला की दया संपायची. त्या हिशोबानं आताची दया बरीच लांब चालते, हे मान्य करायला हवं.

तर कारंज्याला मांडव पडला. मागे मोठं कापड, त्यावर आबासाहेबांचा हात जोडलेला फोटो आणि खाली ‘परका कोणी नाही’ अशी अक्षरं. मांडवात मागच्या बाजूला खुर्च्यांची एक ओळ, ज्यांच्यावर दया होईल त्यांना बसवायला. केळ्यांचे घड, गुलाब, झेंडूचे हार. बाबांनी भोंगे कडुलिंबाला आणि मांडवाच्या बांबूंना बांधले. मायनं फडक्यात भाकर, ठेचा आणि पातोडी बांधून दिली होती, ती स्टुलाखाली ठेवली. मी माइक घेतला आणि कंडक्टर, मास्तर, गिरणीवाला असे सगळे काढले. गर्दी जमली. स्टँडावरची माणसं हसायला आली, पण हार घ्यायला कोणी पुढे येईना.

एका म्हाताऱ्याला आबासाहेबांच्या माणसानं केळी दिली तर तो हात मागे घेऊन म्हणाला, “पह्यले सांग, इकून राह्यला का वाटून राह्यला?”

“वाटून राह्यलो, काका.”

“मंग नको. मांगच्या टायमाले फुकट वाटनाऱ्यानं आंगठा घेतला होता.”

एका बाईला गुलाब दिला, तिनं तो उलटासुलटा करून बघितला. “माह्या नवऱ्यानं कधी देल्लं नाही, तुमी कायले देता जी?” असं विचारून तिनं तो देठ तोडून डोक्याच्या बुचड्यात खोवला आणि गेली, फोटो निघायच्या आत. एक बिचारा शिक्षकासारखा दिसणारा माणूस हारासाठी उभा राहिला. फोटोवाला म्हणाला, ‘थांबा, ऊन डोळ्यावर आहे, जरा फिरा.’ तो फिरला. तेवढ्यात दारव्ह्याची गाडी सुटली. तो गळ्यात हार तसाच घेऊन गाडीमागं धावला आणि लोंबकळत चढला. खिडकीतल्या लोकांनी त्याला जागा करून दिली, बहुधा तो रिटायर झाला असं समजून.

दुपारपर्यंत मागच्या खुर्च्यांवर एकच माणूस टिकला होता. पांढरं मुंडासं बांधलेला, बारीक, म्हातारा. त्याला केळी दिली, त्यानं घेतली. हार घातला, त्यानं मान वाकवली. आबासाहेबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढला, तरी तो पळाला नाही. सगळे खूश झाले. अखेर एक शहाणा अनोळखी भेटला होता. त्याला खुर्चीवर बसवलं, नेमका भोंग्याच्या खाली. मी एकदा मागं वळून बघितलं, तो केळी मांडीवर ठेवून शांत बसला होता. मला वाटलं, याला कार्यक्रम आवडतोय.

मग आबासाहेब बोलायला उभे राहिले. माइकवर ते शुद्ध बोलत. “बंधू-भगिनींनो, अनोळखी माणसाच्या डोळ्यांतलं पाणी ज्याला दिसतं...” इथपर्यंत आले असतील, एवढ्यात मी मांडवाच्या कडेला उभी होते तिथं कोणीतरी माझी ओढणी ओढली. वळून बघितलं तर एक बाई, मळकी ओढणी, हातात बांगड्यांची रास, डोक्यावर गाठोडं. मानोऱ्याकडच्या एखाद्या तांड्यावरची बाई. पलीकडच्या मुलखातून ऊस तोडून परत येणारी माणसं तेव्हा कारंज्याला गाडी बदलायची. नंतर कळलं, तिचं नाव जमुना. ती बोलत होती पण आवाज निघत नव्हता, नुसता खरखराट.

“बाई, घडीभर थांबव नं थे. माहा बाप हरपला. गाठोड्यापाशी बशिवला होता, मी गाडी इचाराले गेली, अन् एवढ्यात लोकंच लोकं झाले. सकाळपासून आवाज देऊन राह्यली. तुह्या भोंग्यात माहा आवाज त्याले आयकू येत नाही.”

मी सकाळपासून गिरणीवाला आणि कंडक्टर करत होते. त्याच वेळी त्याच जागी ही बाई बापाला हाका मारत फिरत होती आणि मी तिच्यावरून मोठ्यानं बोलत होते. मी आबासाहेबांच्या जवळ गेले आणि कानात सांगितलं. त्यांनी माइकवर हात ठेवला.

“पोट्टी येडी झाली काय? कार्यक्रम होऊ दे, मंग पाहू,” ते म्हणाले, आणि हात काढून पुढे चालू झाले, “...तोच खरा माणूस! ते पाणी पुसण्यासाठी वेळ नाही म्हणू नका!”

मी बाबांकडे बघितलं. का बघितलं ते सांगता येणार नाही. बाबांना सांगून काही होत नसे, ते बटणासारखे होते. पण त्यांनी जमुनेला बघितलं होतं. ते स्टुलावरून उठले आणि मांडवात आले. मी त्यांना कधीच मांडवात पुढे येताना पाहिलं नव्हतं, लोकांसमोर आले की ते आक्रसून जात. त्यांनी दोन्ही हातांनी, फार अदबीनं, आबासाहेबांच्या हातातून माइक काढून घेतला.

“साहेब, माइक तापला,” ते म्हणाले. “घडीभर थंडा होऊ द्या.”

आणि तो माझ्या हातात दिला. आबासाहेबांना क्षणभर ते खरंच वाटलं. माइक तापतो की नाही हे त्यांना कुठं ठाऊक होतं! मी बोलायला लागल्यावर त्यांच्या लक्षात आलं. “बंद कर रे थे!” ते ओरडले. बाबा तोवर स्टुलावर पोचले होते. त्यांनी बटणाला हात घातला आणि आवाज वाढवला.

मी मराठीत पुकारलं. जमुना मान हलवू लागली. “त्याले मराठी नाही येत आता. पह्यले लय बोलत होता. हळूहळू सारं गेलं, आमची तांड्याची बोली तेवढी राह्यली. अन् येते बी माह्याच आवाजावर. दुसऱ्याले भेते.”

मी माइक तिच्यापुढे धरला. तिनं तोंड उघडलं, घशातून वारा तेवढा आला. मग मी तिला म्हटलं, “माह्या कानात म्हन. जशी म्हनतं तशीच म्हन.” तिनं म्हटलं. मला त्यातलं ‘बापू’ सोडून काही कळलं नाही, पण कळायची गरज नव्हती. मी तेच, तिच्या आवाजात, चारी दिशांना सोडलं. फाटलेला, खरखरीत आवाज, न कळणारी बोली.

लोक हसले. आयुष्यात मला मिळालेलं तोवरचं सगळ्यांत मोठं हसू ते होतं. त्यांना वाटलं, भोंग्यावरच्या पोरीनं नवीन काढलं. मी पुन्हा म्हटलं, ते जास्त हसले. जमुना माझ्याकडे बघत होती. मला लोकांचा राग आला, मग लक्षात आलं की ती फाटकी खरखर तर मीच वाजवत होते. जमुनेचा तो आवाजच नव्हता. तो तर सकाळपासून ओरडून झालेला घसा होता, आणि तिच्या बापानं तिला असं बोलताना कधी ऐकलंच नसणार. मी तिला विचारलं, “घरी जेवाले कशी बलावतं त्याले?” ती लाजली. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली. तेवढं हळू बोलायला तिच्याकडे घसा उरला होता. शेवटचं अक्षर ती जरा लांबवायची, भांडं टेकवत टेकवत बोलल्यासारखं.

मी माइक तोंडाजवळ घेतला आणि न ओरडता, तसंच म्हटलं.

गर्दीतला एक जण ‘चूप रे’ म्हणाला. मग दुसरा म्हणाला. स्टँडात एक गाडी सुरू होती, ड्रायव्हरनं ती बंद केली. मी पुन्हा म्हटलं. आणि माझ्या पाठीमागून, मांडवातल्याच खुर्च्यांवरून, आमचा शहाणा अनोळखी उठला. गळ्यात झेंडूचा हार, छातीशी केळी. सकाळपासून तो तिथंच होता, आणि हारवाल्या पाहुण्यांच्या खुर्च्यांवर बाप शोधायचं जमुनेच्या मनातही आलं नसणार. सबंध कारंज्यात हरवलेला एकच माणूस होता, नेमका तोच आम्ही पकडला होता, हार घातला होता, फोटो काढला होता, आणि त्याची पोरगी त्याला हाका मारत होती तेव्हा त्याला भोंग्याखाली बसवून ठेवला होता.

तो सरळ माझ्याकडे आला आणि मला रागवायला लागला. बोट नाचवत, भरभर, सगळं त्याच्या बोलीत. त्याच्या लेखी मीच त्याची पोरगी होते. मी ‘हो, हो’ करत मान हलवत राहिले. लोक पुन्हा हसायला लागले पण आता ते हसणं निराळं होतं, डोळे पुसत हसत होते. जमुना त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तो तिच्याकडे बघे, माझ्याकडे बघे.

“काय म्हनते?” मी तिला विचारलं.

“म्हनते, जेवाले बलावतं अन् भाकर कुठी हाये?”

बाबांनी स्टुलाखालचं फडकं काढून आणलं. पण म्हाताऱ्याचं तोवर मन बदललं होतं. भाकर नसेल तर नसू दे, असं काहीतरी तो पुटपुटला, आणि छातीशी धरलेली केळी वाटायला लागला. एक जमुनेला दिलं. एक मला. एक बाबांना. मग पुढं होऊन, मान वर करून, एक आबासाहेबांच्या हातात ठेवलं आणि त्यांच्या खांद्यावर थापटलं. आबासाहेबांनी फोटोवाल्याकडे बघितलं. फोटोवाला म्हणाला, “साहेब, रोल सरला.”

पेपरात फोटो आला तो सकाळचा. आबासाहेबांचा हात म्हाताऱ्याच्या खांद्यावर, आणि खाली लिहिलेलं, हरवलेल्या वृद्धाला मायेचा आधार. माझं कोपर दिसत होतं. बाबांनी ते कोपर मायला दाखवलं. आबासाहेबांच्या पुढच्या कार्यक्रमाला भोंगे कारंज्याहून आले. मग त्यांच्या पाहुण्यांच्या लग्नालाही तिकडूनच आले. मग गावातल्या ज्यांना आबासाहेबांचं मन राखायचं होतं त्या सगळ्यांकडे तिकडूनच येऊ लागले. बुद्धविहारातली जयंती तेवढी आमच्याकडे राहिली. लग्नसराईत आमचे भोंगे खुंट्यांवर टांगलेले बघणं फार वाईट होतं. बाबा रोज ‘हॅलो, हॅलो’ म्हणत, आणि ते ऐकायला फक्त आम्ही दोघी असायचो. माय दोन वावरांची निंदणी धरू लागली. ॲम्प्लिफायर कोणाला विकायचा, याबद्दल बाबा हळू आवाजात बोलू लागले. एका संध्याकाळी मी म्हटलं, मी उगाच केलं बाबा. ते बॅटरीचं झाकण पुसत होते. “तू काय केलं? बटन मी फिरवलं,” ते म्हणाले. त्यात पश्चात्ताप नव्हता. मला वाटतं, थोडा अभिमानच होता. त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा एखाद्या बाजूनं मत दिलं होतं.

होळीच्या आधी एक माणूस आमचं घर विचारत आला. जमुनेचा नवरा. गावात त्यानं ‘शोभा साउंड’ म्हणून विचारलं नव्हतं. ‘माह्या बायकोच्या आवाजात बोलते थो भोंगा कोनाचा?’ असं विचारत तो दारापर्यंत पोचला होता. तांड्यावर त्याच्या बहिणीचं लग्न होतं. “भोंगा पायजे,” तो म्हणाला, “अन् ही पोरगीबी.”

आम्ही तिघंही गेलो. बैलगाडीत पेट्या, पेट्यांवर आम्ही. तांडा टेकडीच्या उतारावर होता, पळसाला फुलं आली होती, आणि बायांची गाणी आम्हाला अर्ध्या वाटेवरच ऐकू यायला लागली. बाबांनी म्हटलं, यांना भोंग्याची गरज काय? म्हातारा खाटेवर बसला होता. त्यानं मला ओळखलं नाही. जमुना भेटली तेव्हा मला आधी कळलंच नाही की ही तीच, कारण तिचा आवाज भरलेला होता, मोठा, मोकळा. मी त्या दिवशी माइकवर काढला होता त्यापेक्षा कितीतरी छान. त्या एका लग्नानंतर मानोऱ्याच्या आसपासच्या तांड्यांवर आमचे भोंगे वर्षानुवर्षं गेले. ॲम्प्लिफायर पलंगावरच राहिला. पण तो हिशोब नंतरचा.

त्या दुपारी जेवणं झाली आणि मी माइक घेतला. मी तयारी करून गेले होते. आबासाहेब केले, केळी केली, हार घालून गाडीमागं धावणारा माणूस केला. ते हसले, पण पाहुण्याचं मन राखायला हसतात तसं. त्यांना पुढाऱ्यांचं नवल नव्हतं, त्यांच्याकडे ते मत मागायलाच तेवढे यायचे. मग एक म्हातारी बाई काही ओरडली आणि सगळ्या हसल्या. जमुनेनं सांगितलं, “तुले आमची बोली बोलाले सांगून राह्यली.” मी बोलले, स्टँडावर बोलले होते ते. बायांनी तोंडाला पदर लावले. माझे उच्चार त्यांना फार गमतीचे वाटले असावेत.

तेव्हा जमुना उठली, माझ्या हातून माइक घेतला आणि मला करून दाखवायला लागली. माइक कसा दोन बोटांत धरते, बोलण्याआधी ओठ कसे चाटते, लोक हसले की पाय कसा हलवते, आणि कोणी हसलं नाही तर आवाज कसा एकदम चढवते. मधेच बाबांकडे कशी बघते. त्यांची बोली माझ्या तोंडातून कशी मोडून पडते. अख्खा तांडा लोटपोट झाला. नवरी हसली, नवरदेव हसला, खाटेवरचा म्हातारा टाळ्या पिटायला लागला, आणि माझी माय, जी चारचौघांत कधी मोठ्यानं हसली नव्हती, ती डोळ्यांतून पाणी काढून हसत होती. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे आवाज काढले होते. माझा स्वतःचा मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तो माझ्यापेक्षा बराच बरा होता.

जमुनेनं माइक परत माझ्यापुढे धरला. “आता तुही बारी,” ती म्हणाली.

मी खाली, बायांमध्ये जाऊन बसले आणि म्हटलं, “तूच कर, अजून.”